सातवीचा वर्ग, जोतिबाचा डोंगर

पायताण बाहेर काढा. जमीन ओली आहे. शनिवार, सकाळची शाळा. मुलींनी उजाडता उजाडता शेण कालवून वर्ग सारवलाय, मुलांनी घागरींनी पाणी ओढलंय, आणि तुम्ही आत्ता येताय. बसकर आपलं आपण आणायचं असतं. नसेल तर गोणपाटाच्या त्या टोकाला सरकून बसा. भिंतीकडे नको, तिथलं सारवण अजून वाळलेलं नाही, चड्डीला हिरवा शिक्का बसेल. परकर नेसून आला असाल तर परकराला. मुलगा की मुलगी ते तुम्ही ठरवा. वय मात्र तेराच्या आसपास धरा, इयत्ता सातवी.

तुम्ही वाडी रत्नागिरीवर आहात, म्हणजेच जोतिबाच्या डोंगरावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३१०० फूट उंच. तारीख एकदाच सांगून ठेवतो: १३ एप्रिल १९५७. उद्या चैत्र पौर्णिमा, जोतिबाची यात्रा, आणि उद्याच रविवार, देवाचा वार. वर्ग मी मांडलाय, त्या काळच्या कोल्हापूरकडच्या खेड्यापाड्यांतल्या वर्गांसारखा. यात्रा, पाढे आणि नाणी मात्र मांडावी लागली नाहीत.

श्वास घ्या. आधी शेणाचा वास येईल, मग शाईचा. गोळी पाण्यात विरघळवून दौत भरली की तिला एक आंबूस, धातूसारखा वास असतो; तुमच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला तो कायमचा चिकटलाय. तिसरा वास खिडकीतून येतोय. दवण्याचा. हिरवा, थोडा कडू, थोडा गोड. बाहेर बैलगाड्या लागायला सुरुवात झालीय, गाड्यांत पाट्या आहेत, पाट्यांत दवणा आहे. पुढच्या दोन दिवसांत हा वास अंगाच्या कापडात इतका मुरेल की धुऊनही जाणार नाही.

आणि आवाज? कुठंतरी खालच्या वळणावर हलगी कडाडतेय. सगळ्या वर्गाचे कान तिकडे आहेत. गुरुजींना ते कळतंय. म्हणून ते टेबलावर छडी आपटत नाहीत, फक्त एवढंच म्हणतात: "औटकी."

आता तुमची खरी परीक्षा. सगळा वर्ग एकदम सुरू होतो आणि तुम्हाला ओठ हलवत राहावं लागतं. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. दोनाला सात, तिनाला साडेदहा, चाराला चौदा, सातापाशी साडेचोवीस. चाल ठरलेली आहे, मान आपोआप डोलते, शेवटच्या रांगेतलं पोर अर्ध्या झोपेतही चुकत नाही. औटकीच्या आधी पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे झालेले असतात. कुणी तुम्हाला भाकरीचे चार तुकडे काढून दाखवत नाही. पाव, अर्धा, पाऊण तुमच्या जिभेवर आधी बसतात, डोक्यात नंतर उतरतात. मला ही रीत मनापासून आवडते, हे इथं सांगूनच टाकतो. घोकंपट्टी म्हणून तिला खूप नावं ठेवली गेली. पण ही पोरं हिशोबाला बसली की बोटं मोडत नाहीत, पुटपुटतात आणि उत्तर देतात.

"चुरमुरे साडेतीन आणे शेर. सात शेरांचे किती?"

साडेचोवीस आणे, म्हणजे एक रुपया साडेआठ आणे. तुम्ही खिशात मोबाइल चाचपेपर्यंत पहिल्या रांगेतल्या पोरीनं उत्तर देऊन टाकलंय. तिच्या मांडीवर धाकटा भाऊ झोपलाय. भाऊ सांभाळायचा म्हणून तिची शाळा बुडायला नको, एवढ्यासाठी गुरुजी त्याला वर्गात चालवून घेतात. वर्गात मुली मोजक्याच आहेत, आणि सातवीपर्यंत पोचलेल्या या मोजक्या जणी कुणाला ऐकायच्या नाहीत.

पण गुरुजी खडू ठेवत नाहीत. "आता नव्या पैशात सांगा."

वर्ग गप्प होतो. बारा दिवसांपूर्वी, १ एप्रिलला, गुढीपाडवा होता. त्याच दिवशी देशात नवे पैसे आले. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै, हा सगळा पसारा आता शंभर नव्या पैशांत बसवायचा. जुनी नाणी अजून बंद झालेली नाहीत, दोन्ही चालतात, आणि खरा घोळ तोच आहे. आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. साडेआठ आणे म्हणजे? तुम्ही पाटीवर गुणाकार मांडता. पहिल्या रांगेतली पोर सव्वासहाला साडेआठनं तोंडीच गुणते आणि म्हणते, "त्रेपन्न आणि थोडं."

"थोड्याचं काय करायचं?" गुरुजी विचारतात.

"सोडायचं."

"का?"

तेवढ्यात घंटा होते. उत्तर तुम्हाला दुपारी बाजारात मिळणार आहे.

बाहेर पडण्याआधी भिंतीवरचा नकाशा नीट बघून घ्या, आणि गुरुजींच्या टेबलावरचा वह्यांचा गठ्ठाही. सातवीची परीक्षा म्हणजे "फायनल". ती पास झालेल्याला गावात मान असतो. तो तलाठी होऊ शकतो, मास्तर होऊ शकतो, चारचौघांत कागद वाचून दाखवू शकतो. चाळीस वर्षांपूर्वी, १९१७ साली, शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड. त्या रुपयाच्या धाकानं शाळेत गेलेल्यांची पोरं आज या वर्गात असणार. आजोबांची जमाखर्चाची वही मोडीत, तुमची वही बाळबोधात, आणि आजीची वहीच नाही, हा तीन पिढ्यांचा हिशोब.

चला बाजारात. उन्हं चढलीत आणि पायाखालची फरसबंदी भाजायला लागलीय. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दुकानं लागलीत. खोबऱ्याच्या वाट्यांच्या राशी, नारळ, उदबत्त्या, दवण्याच्या पेंढ्या, आणि गुलाल. गुलाबी रंगाचे उघडे डोंगर पोत्यांवर रचलेत. वारा आला की एक लाट उठते आणि माणसं, बैल, खोबरं, तुमच्या पापण्या, सगळं एका रंगाचं होतं. तोंड बंद ठेवा. गुलालाची चव चांगली नसते. पाठीमागून रेटा येतोय, पुढून रेटा येतोय, कुणाचं तरी कोपर तुमच्या बरगडीत आहे, आणि दर दोन पावलांवर कुणीतरी पोटातून ओरडतं, "जोतिबाच्या नावानं..." तुम्हाला काय म्हणायचं ते माहीत आहे. म्हणा. मोठ्यानं म्हणा. चांगभलं!

तुमच्या काकांच्या दुकानात आज तुम्ही गल्ल्यावर बसायचं आहे. काकांना अक्षर येत नाही असं नाही, पण नवे पैसे त्यांच्या हाताला अजून ओळखीचे झालेले नाहीत. जुनी नाणी ते न बघता ओळखतात. आण्याची कड नागमोडी, दोन आण्यांची चवली चौकोनी, आणि पैशावर घोडा. (इथं त्या घोड्याला फार मान. देवही घोड्यावरच बसतो.) नव्यांत पाच पैसे चौकोनी, दहा पैसे नागमोडी, एक पैसा तांबूस आणि इतका लहान की बोटांतून निसटतो. चौकोनी नाणं हातात आलं की काका आधी चवली समजतात. म्हणून तुम्ही गल्ल्यावर, सातवीचं पोर म्हणून.

एक शेतकरी येतो. किवळचा आहे, कराडकडचा. गुलालाची पुडी आण्याला एक. तो सहा नवे पैसे देतो, पुडी घेतो. मग त्याची बायको येते, सहा पैसे, पुडी. मग मुलगा. मग सून. चौघांचे मिळून चोवीस पैसे तुम्ही गल्ल्यात टाकता. त्यांच्या मागं पांढऱ्या मिश्यांचे एक आबा उभे आहेत. त्यांना चार पुड्या एकदम हव्यात. तुम्ही म्हणता, पंचवीस पैसे.

"आरं, आत्ता त्यास्नी चोवीसला दिल्यास. मला पंचवीस? देवाच्या दारात असं करतंत व्हय?"

मागची गर्दी थांबते. काका तुमच्याकडे बघतात. कान तापतात, घाम गुलालात मिसळून मानेवरून ओघळतो. आणि मग पहिल्या रांगेतल्या त्या पोरीचं "थोडं" तुम्हाला आठवतं.

"आबा, आण्याचं सव्वासहा नवं पैसं हुत्यात. सव्वाचं नाणंच न्हाई. म्हणून एक आणा दिला तर सरकार म्हणतंय सहाच घ्या, पाव सोडा. त्यांनी चार येळा एक-एक आणा दिला, चार येळा पाव सुटला. तुम्ही चार आणं एकदम देताय. चार पाव..."

"...एक," आबा म्हणतात. त्यांच्या कपाळावरची आठी मोकळी होते. "म्हंजी पावकीच की ही!"

"व्हय, पावकीच."

आबा शाळेत गेलेले नाहीत. पण पावकी त्यांना येते. आयुष्यभर बाजारात चिपटं, मापटं, शेर, पायली मोजून ती त्यांच्यात उतरलीय. ते हसतात, चार आण्यांची पावली परत खिशात घालतात, कनवटीची नवी नाणी काढून सहा पैशांना एक पुडी घेतात, बाजूला होतात, पुन्हा समोर येतात, दुसरी घेतात. चारही पुड्या अशाच. एक पैसा वाचवल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर मावत नाही आणि मागची माणसं ओरडायचं सोडून हसत सुटतात. काकांनाही तो एक पैसा गेल्याचं काही वाटत नाही. दिवसभर ते येईल त्या गिऱ्हाईकाला सांगत राहतात की आमच्या पोरानं सरकारचा हिशोब फोडला.

त्या आठवड्यात गावोगावच्या बाजारांत काय घडत असेल याचा मी पुष्कळ विचार केलाय. मोठ्या माणसांच्या हातातला पैसा एका सकाळी परका झाला, आणि तो पुन्हा ओळखीचा करून द्यायला दशमान आणि अपूर्णांक शिकणारी पोरं जवळच होती. शाळेतलं गणित इतक्या थेट कामाला आल्याची वेळ फार वेळा येत नाही.

दुपारी थोडी उसंत मिळेल. पाणी प्या, पण जपून. डोंगरावर आज पाण्याला फार तोंडं आहेत. ओवरीत टेकलेली एक आजी तुम्हाला हाक मारेल. तिच्या हातात कोरं कार्ड आहे. "बाळा, चार वळी लिहून दे." पत्रलेखन सातवीला आहेच. मायना कसा, उजवीकडे काय, डावीकडे काय, वडील माणसाला शिरसाष्टांग नमस्कार आणि धाकट्याला अनेक आशीर्वाद, हे तुम्हाला पाठ आहे. पण आजीला मायना नको आहे. तिला सांगायचंय की आम्ही पोचलो, बैल दमलेत पण धडधाकट आहेत, म्हशीला पेंड घालायला विसरू नका. तुम्ही टाक दौतीत बुडवता आणि तिची वाक्यं जशीच्या तशी उतरवता. कार्डाच्या कोपऱ्यावर तिच्या बोटाचा गुलाबी ठसा उमटतो. राहू दे तो. घरच्यांना तो सगळ्यात आधी वाचता येईल.

आजी कसबे डिग्रजची. ते कुठं? सकाळचा नकाशा आठवा: दक्षिण सातारा जिल्हा, सांगलीच्या बाजूला. भूगोलाच्या पुस्तकात ही नावं छापलेली असतात, इथं ती पायांनी चालत येतात. निनाम पाडळीची मानाची पहिली सासनकाठी, म्हणजे देवाची उंच निशाणकाठी, उत्तर साताऱ्यातून येते. विह्याची काठी पाटणच्या खोऱ्यातून, किवळची कराडकडून. कोणत्या गावचे लोक किती दिवस चालले हे विचारलं की नकाशावरची अंतरं पायांत भरतात. तटापाशी जाऊन उभे राहा. पश्चिमेला पन्हाळा, आग्नेयेला कोल्हापूर, उत्तरेला वारणेचं खोरं. दक्षिणेकडे कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून पंचगंगा होते. वर्गात तुम्ही हे पाठ केलंय. इथं बोट दाखवून म्हणता येतं.

पन्हाळ्याकडे थोडं जास्त बघा. १६६० सालच्या पावसाळ्यात शिवाजी महाराज ज्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे गेले, तो वेढा त्या गडाला पडला होता. इतिहासाच्या धड्यात ही गोष्ट दीड पानात संपते. डोंगरावरून बघितलं की अंतर कळतं, उतार कळतो, चिखलातल्या रात्रीचा अंदाज येतो.

आता रविवार. झोप झालेली नाही, कुणाचीच नाही. रात्रभर हलग्या, पिपाण्या, सनई. डोळे चुरचुरतायत. पण उठा, काठ्या नाचायला लागल्यात.

सासनकाठी जवळून बघितली नसेल तर मान मागं टाका. उंचच उंच वेळू, त्याला गुंडाळलेलं रंगीत कापड, वर निशाण. बुंधा एका गड्याच्या कमरेशी पेललेला, आणि वरून आलेले दोर चारी बाजूंना माणसांनी ताणून धरलेले. गडी हलगीवर पाय टाकत नाचतो आणि त्याच्यासोबत तीस-चाळीस फुटांचा वेळू आभाळात डुलतो. एक दोर सैल पडला की समोरचा ओढतो आणि काठी झुकते. सगळे ओरडतात, तिसरा आणि चौथा दोर तिला सावरतात. विज्ञानाच्या तासाला बल आणि तोल यांवर गुरुजी बोलले होते. आता काठीचा एक दोर तुमच्या हातात कुणीतरी देतंय. धरा. तळवे सोलतील, पण धरा. काठी डावीकडे गेली की तुमच्या खांद्यात काय होतं बघा. वेळू पोकळ असतो आणि गाठीगाठीनं बांधलेला असतो, म्हणून एवढा लांब असूनही पेलतो आणि वाकूनही मोडत नाही. आणि तो गवताच्या कुळातला आहे, यावर आपल्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा अजून विश्वास नाही.

दहाच्या सुमाराला गुरुजी दिसतात. धोतर गुलाबी, टोपी गुलाबी, ओळखू आले ते फक्त आवाजावरून. "काठी किती उंच?" ते विचारतात. तुम्ही म्हणता, चढून मोजू का? ते हातातली तीन फुटांची छडी फरशीवर उभी धरतात. सावली दोन फूट. काठीची सावली पावलांनी मोजायला सांगतात. चोवीस फूट भरते. त्रैराशिक! दोनाला तीन, तर चोविसाला किती? छत्तीस. एवढ्या कोलाहलात, इतक्या रेट्यात, तुम्ही आभाळात डुलणारी काठी जमिनीवर उभं राहून मोजलीत. हे त्रैराशिक आठवडाभर फळ्यावर होतं, पण तिथं ते मजूर आणि दिवस यांचं होतं. पाच मजूर, बारा दिवस, आणि भिंत कधीच बघायला मिळाली नव्हती.

अजून एक, पालखी निघायच्या आत. समोरच्या उतारावर एक हलगीवाला वाजवत चढतोय. त्याचा हात बघा, कान उघडे ठेवा. हात पडतो आणि आवाज मागाहून येतो. आवाज सेकंदाला सुमारे ११०० फूट चालतो. टिपरी पडल्यापासून आवाज येईपर्यंत एक सेकंद गेला, तर तो साधारण तेवढा लांब आहे. तो जसजसा जवळ येतो, तसतसे हात आणि आवाज एकमेकांना गाठतात. तुमच्या पुढ्यात येऊन तो वाजवतो तेव्हा तुमच्या छातीत धडधडतं ते काय आहे, हे कुठल्याही तासाला शिकवलेलं नाही.

देवळांबद्दल गुरुजी पायऱ्या उतरता उतरता सांगतात, कारण थांबून ऐकायला जागा नाही. जोतिबाचं आत्ताचं देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये बांधलं, शेजारचं केदारेश्वराचं दौलतराव शिंद्यांनी १८०८ मध्ये. मधल्या ७८ वर्षांत महादजी शिंदे येतात, आणि सातवीच्या पुस्तकातल्या मराठी सत्तेच्या धड्याचा मोठा भाग येतो. दोन शिखरांकडे बघून तो लक्षात ठेवायचा. काळ्या दगडावर हात ठेवा, उन्हानं कढत झालाय. तुमच्या तळव्याचा गुलाबी शिक्का त्यावर उमटेल, आधीच्या हजारो शिक्क्यांशेजारी.

संध्याकाळी पालखी यमाईच्या देवळाकडे निघते आणि मग विषयबिषय काही राहत नाहीत. खोबऱ्याचे तुकडे आणि गुलाल आभाळातून पडत असतात, पायाखाली काय आहे ते दिसत नाही, समोरच्याची पाठ हाच तुमचा रस्ता. लहान असाल तर कुणीतरी खांद्यावर उचलून घेईल. नसाल तर कुणालातरी तुम्ही घ्या. घसा बसेल. बसू द्या.

सोमवारी शाळा आहे. हो, आहेच. फायनल तोंडावर आलीय. गुरुजी यात्रेवर निबंध लिहायला सांगतील, आणि तुम्ही बहुतेक पहिलं वाक्य "आमच्या गावी चैत्रात मोठी यात्रा भरते" असंच लिहाल, कारण निबंध तसाच सुरू करायचा असतो अशी समजूत आहे. ते खोडा. आबांच्या चार पुड्यांपासून सुरुवात करा. मी त्या वर्गाचा मास्तर असतो तर त्या निबंधाला दहापैकी दहा दिले असते.

आता आजच्या काळात परत या. एकच काम सांगायचं राहिलंय. त्या वर्गात बसलेली पोरं आज ऐंशी ओलांडून गेलीत. कोल्हापूर, सांगली, सातारा, कराड, कुठंही, तुमच्या घरात किंवा शेजारात जुनी सातवी फायनल झालेलं कुणी असेल, तर आजच त्यांच्यापाशी बसा आणि त्यांना औटकी म्हणायला सांगा. पाढ्याचे आकडे तुम्हाला कुठंही लिहिलेले मिळतील. त्याची चाल मात्र पुस्तकात छापलेली नाही, म्हणून मोबाइलवर ती रेकॉर्ड करून ठेवा.